किनलॉकलीव्हनचे दोन दिवस : प्री-६५ स्कॉटिश ट्रायलचा इतिहास

प्री-६५ स्कॉटिश ट्रायल ही जुन्या ब्रिटिश मोटारसायकलींची दोन दिवसांची डोंगरी स्पर्धा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम हायलँड्समधील किनलॉकलीव्हन या गावी ती दरवर्षी भरते. १९६५पूर्वी ज्यांची घडण झाली अशाच गाड्यांना तिच्यात प्रवेश मिळतो. एडिनबरा अँड डिस्ट्रिक्ट मोटार क्लब ही संस्था ती भरवते. मार्ग आखणे, गुण देणे, गाड्या तपासणे आणि वाट दाखवणे ही सगळी कामे विनावेतन स्वयंसेवक करतात. संग्रहालयात शोभावी अशी गाडी इथे ओढ्यातून, दगडधोंड्यांतून आणि चिखलातून वर चढते. जुन्या वाटेवर जुने यंत्र चालते ठेवणे हाच या स्पर्धेचा उद्देश असून तिचे सारे नियम त्यातूनच ठरले आहेत.

क्लबची पूर्वपीठिका

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली मोटारसायकल म्हणजे सायकलच्या सांगाड्यात बसवलेले इंजिन. चाक बहुधा चामड्याच्या पट्ट्याने फिरे आणि अनेक गाड्यांना ना क्लच असे, ना गिअर. चढ लागला की स्वार उतरून गाडीबरोबर धावे. असे वाहन लांबच्या प्रवासात भरवशाचे ठरते का, हा त्या काळी ग्राहकांपुढचा आणि कारखानदारांपुढचाही खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी एडिनबराच्या हौशी स्वारांनी १९०९ साली हायलँड्सच्या कच्च्या रस्त्यांवर पाच दिवसांची चाचणी घेतली. पुढच्या वर्षी ती सहा दिवसांची झाली. १९११पासून ती ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि हे नाव आजही चालू आहे.

आरंभीच्या वर्षांत कस लागे तो गाडीच्या टिकाऊपणाचा. दिवसभरात ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत कापायचे आणि वाटेतले अवघड घाट न थांबता चढायचे, एवढीच अपेक्षा असे. दोन महायुद्धांच्या दरम्यान रस्ते सुधारले, गाड्याही सुधारल्या. केवळ घाट चढून गेल्याने कोणाचे श्रेष्ठत्व ठरेनासे झाले. त्यामुळे आयोजकांनी मार्ग रस्त्यावरून डोंगरात नेला. मेंढपाळांच्या पाऊलवाटा, ओढ्यांची पात्रे आणि सुट्या दगडांचे उतार हे स्पर्धेचे मैदान बनले. १९३८पासून बेन नेव्हिस पर्वताच्या पायथ्याचे फोर्ट विल्यम हे तिचे मुख्य ठाणे झाले. तरी बरीच वर्षे स्वार एडिनबराच्या गोर्गी भागातील गुरांच्या बाजारातून निघून तिकडे जात. १९७७पासून सारी स्पर्धा फोर्ट विल्यमलाच होऊ लागली. महायुद्धांच्या काळातला आणि नंतरचे काही खंड सोडले, तर जगातील सर्वांत जुन्या मोटारसायकल स्पर्धांमध्ये तिची गणना होते. ही स्पर्धाही एडिनबरा अँड डिस्ट्रिक्ट मोटार क्लबच भरवतो आणि प्री-६५ ट्रायल याच घराण्यातली धाकटी पाती आहे.

ट्रायलची रीत

ट्रायल म्हणजे शर्यत नव्हे. सर्वांत आधी पोहोचणाऱ्याला इथे बक्षीस नसते. वाटेत ठिकठिकाणी ‘सेक्शन’ नावाचे अवघड टप्पे आखलेले असतात. उजवीकडे लाल आणि डावीकडे निळी खूण असते व त्यांच्यामधून गाडी न्यायची असते. पाय जमिनीला न टेकवता पार झालेला सेक्शन ‘क्लीन’ मानला जातो आणि त्यात शून्य दोषगुण पडतात. एकदा पाय टेकला तर एक, दोनदा टेकला तर दोन, आणि त्याहून कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी थांबली, पडली किंवा खुणेबाहेर गेली की पाच. पाय टेकण्याला स्वार ‘डॅब’ म्हणतात. अखेरीस ज्याचे दोषगुण सर्वांत कमी, तो विजेता.

या रीतीत वेगापेक्षा तोल, आणि ताकदीपेक्षा संयम मोलाचा ठरतो. स्वार फूटरेस्टवर उभा राहून पुढची वाट वाचतो, क्लच हळुवार सोडतो आणि ओल्या दगडावर चाक फिरू लागण्याआधीच थ्रॉटल आवरतो. ट्रायलच्या गाडीची बांधणीही याला साजेशी असते. पहिला गिअर अतिशय हळू चालणारा, इंजिन जमिनीपासून उंच, आसन छोटे आणि मागच्या टायरात हवा अगदी कमी. जुन्या फोर-स्ट्रोक इंजिनांचे फ्लायव्हील जड असल्याने ती जवळजवळ चालण्याच्या गतीनेही बंद न पडता धिमेपणाने फिरत राहतात. त्यांचा हाच गुण डोंगरात कामी येतो.

गुणपद्धतीत वेळोवेळी फेरफार झाले, पण तत्त्व बदलले नाही. १९६१ साली गॉर्डन जॅक्सनने ३५० सीसीच्या ए.जे.एस. गाडीवर सहाही दिवसांत मिळून केवळ एक दोषगुण घेतला. त्याचा तो एकच डॅब ट्रायलच्या इतिहासात आजही आदराने सांगितला जातो.

ब्रिटिश गाड्यांचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन दशके ट्रायलमध्ये ब्रिटिश कारखान्यांची होती. ह्यू व्हायनीने ए.जे.एस.वर १९४७, १९४८ आणि १९४९ अशी सलग तीन वर्षे सहा दिवसांची स्पर्धा जिंकली. १९५५ साली जेफ स्मिथने बी.एस.ए.वर, तर १९५९ साली रॉय पेप्लोने अवघ्या १९९ सीसीच्या ट्रायम्फ टायगर कबवर ती जिंकली. उत्तर आयर्लंडच्या सॅमी मिलरने ५०० सीसीच्या एरियल एच.टी.५ गाडीचे वजन तुकड्यातुकड्याने घटवत तिला अजोड केले. जी.ओ.व्ही. १३२ हा तिचा नोंदणी क्रमांकही चाहत्यांना पाठ असतो.

रॉयल एनफिल्ड बुलेटचे स्थान भारतीय वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. रेडिच येथील कारखान्याने ३५० सीसीच्या नव्या बुलेटला मागे स्विंगआर्म आणि शॉक अॅब्सॉर्बर दिले आणि १९४८ साली कोलमोर कप ट्रायलमध्ये त्या गाड्या उतरवल्या. तोवर ट्रायलच्या गाड्यांचा मागचा भाग ताठ असे, कारण मागे स्प्रिंग दिली तर चाकाची पकड सुटेल असा जाणकारांचा समज होता. बुलेटने तो खोटा ठरवला. जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ साली बुलेटवरच सहा दिवसांची स्पर्धा जिंकली. १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि बुलेट भारतात तयार होऊ लागली. महाराष्ट्राच्या गावोगावी दिसणाऱ्या बुलेटच्या मागच्या सस्पेन्शनची पहिली परीक्षा अशा ब्रिटिश ट्रायल्समध्ये झालेली होती.

छोट्या कारखान्यांची कामगिरीही मोठी होती. एसेक्स परगण्यातल्या बर्ट ग्रीव्ह्ज यांनी अपंग नातेवाइकासाठी मोटरची खुर्चीगाडी बनवली आणि त्यातून इन्व्हाकार ही कंपनी उभी राहिली. त्या गाड्यांत वापरलेली रबराची सस्पेन्शन-पद्धत पुढे ग्रीव्ह्ज मोटारसायकलींत आली. फ्रान्सिस-बार्नेट, जेम्स, डॉट आणि कॉटन या कारखान्यांनी व्हिलिअर्सची टू-स्ट्रोक इंजिने बसवून हलक्या ट्रायल गाड्या काढल्या. बी.एस.ए. बँटमची मूळ रचना जर्मनीच्या डी.के.डब्ल्यू. गाडीची होती, युद्धभरपाईच्या रूपाने ती ब्रिटनला मिळाली. डाकवाल्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांची कामाची गाडी असलेली बँटमही थोड्या फेरफाराने ट्रायलला उतरत असे.

१९६५ची सीमारेषा

१९६४च्या अखेरीस सॅमी मिलर बुल्टाको या स्पॅनिश कंपनीकडे गेला आणि त्याच्या मदतीने शेर्पा ही टू-स्ट्रोक गाडी तयार झाली. तिचे वजन एरियलच्या मानाने खूपच कमी होते. १९६५ साली मिलरने तिच्यावर सहा दिवसांची स्पर्धा जिंकली आणि ट्रायलचे युग पालटले. १९६६ साली अॅलन लॅम्पकिनने बी.एस.ए.वर, तर १९६९ साली बिल विल्किन्सनने ग्रीव्ह्जवर विजय मिळवला, पण ती मावळती होती. माँटेसा, ओसा आणि नंतर यामाहा, होंडा यांनी मैदान व्यापले. पुढे जुने ब्रिटिश कारखाने एकामागून एक बंद पडले. त्यांच्या गाड्या गोठ्यांत, गॅरेजमध्ये आणि भंगारात जाऊन पडल्या.

१९७०च्या दशकात ब्रिटनमधील हौशी स्वारांनी त्या गाड्या पुन्हा बाहेर काढल्या. नव्या स्पॅनिश व जपानी गाड्यांबरोबर त्यांची बरोबरी होणे अशक्य होते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या स्पर्धा सुरू झाल्या. सीमारेषा शेर्पाच्या आगमनाची धरली गेली. ३१ डिसेंबर १९६४पर्यंत जी घडण अस्तित्वात होती ती ‘प्री-६५’. हीच व्याख्या स्क्रॅम्बल (कच्च्या मैदानावरची शर्यत) आणि ट्रायल या दोन्ही प्रकारांत रूढ झाली.

स्पर्धेचा आरंभ

१९८०च्या दशकात एडिनबरा अँड डिस्ट्रिक्ट मोटार क्लबने ही कल्पना आपल्या घरच्या मैदानात आणली. सहा दिवसांची स्पर्धा मे महिन्याच्या आरंभी सोमवारी सुरू होते. तिच्या आधीच्या शुक्रवारी आणि शनिवारी जुन्या गाड्यांची ट्रायल भरवायची असे ठरले. यात मोठी सोय होती. निरीक्षक, खुणांचे सामान आणि जमीनमालकांशी असलेला संबंध हे सारे तयार होते. शिवाय दोन्ही स्पर्धांचे चाहते एकाच वेळी हायलँड्समध्ये जमत. ज्या टप्प्यांवर व्हायनी, ब्रिटन आणि जॅक्सन यांनी नाव कमावले, त्याच टप्प्यांवर त्याच घडणीच्या गाड्या पुन्हा चढू लागल्या. दुसऱ्या कोणत्याही जुन्या गाड्यांच्या स्पर्धेला एवढा थेट वारसा क्वचितच लाभला असेल.

किनलॉकलीव्हन

स्पर्धेचे ठाणे म्हणून किनलॉकलीव्हनची निवड अचूक ठरली. लॉक लीव्हन या सागरी खाडीच्या टोकाला, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेले हे गाव अॅल्युमिनियमच्या कारखान्यामुळे उभे राहिले. त्याला लागणाऱ्या विजेसाठी १९०५ ते १९०९ या काळात वर डोंगरात ब्लॅकवॉटर धरण बांधले गेले. हजारो मजुरांनी ते मुख्यतः हातांनी उभारले. त्यांच्यापैकी अनेकांच्या कबरी धरणाजवळ आहेत. त्या मजुरांचे जिणे आयरिश लेखक पॅट्रिक मॅकगिल यांनी ‘चिल्ड्रन ऑफ द डेड एंड’ या १९१४च्या कादंबरीत रंगवले. धरणाचे पाणी सहा जाड नळांतून उतारावरून खाली वीजघरात येते. घरोघरी वीज पोहोचलेले जगातील अगदी आरंभीच्या गावांपैकी हे एक. २००० साली कारखाना बंद झाला, वीजघर मात्र चालू राहिले.

‘पाइपलाइन’ हा ट्रायलमधील सर्वांत नावाजलेला सेक्शन याच नळांच्या कडेने वर चढतो. छातीवर यावा असा चढ, सुटे दगड आणि मधे दम घ्यायला जागा नाही. पुरेसा वेग घेतला नाही तर गाडी अर्ध्यावर थांबते आणि जास्त घेतला तर पुढचे चाक उचलले जाते. दोन्ही बाजूंना प्रेक्षकांची दाटी असते. लॉक आइल्ड पाथ हा दुसरा जुना टप्पा डोंगरवाटेवरच्या दगडांचा आहे. गावातून निघून अर्ध्या तासात स्वार निर्जन पठारावर पोहोचतो आणि संध्याकाळी पुन्हा गावात येतो. कारखाना गेल्यावर रोजगार हरवलेल्या या गावाला स्पर्धेच्या दिवसांत मिळणारी मिळकत मोलाची आहे. खानावळी, निवासगृहे आणि तंबूंची मैदाने या काळात भरलेली असतात.

पात्रतेचे नियम

जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत कळीचा प्रश्न असतो तो ‘जुनी’ कशाला म्हणायचे हा. साठ वर्षे चिखल-पाण्यात वापरलेल्या गाडीचा प्रत्येक भाग मूळचा राहणे शक्य नाही. पिस्टन, बेअरिंग, तारा, टायर बदलावेच लागतात. पण जिंकण्याच्या ईर्ष्येने हलक्या धातूची नवी फ्रेम, आधुनिक फोर्क आणि नवे हब बसवून वर जुने नाव रंगवले, तर ती जुनी गाडी राहत नाही. काही काळ अशा गाड्या वाढल्या आणि खऱ्याखुऱ्या जुन्या, जड गाड्या घेऊन येणाऱ्या स्वारांमध्ये नाराजी पसरली.

यावर तोडगा म्हणून पात्रतेची मार्गदर्शक तत्त्वे वेळोवेळी अधिक काटेकोर करण्यात आली. फोर्क, हब, ब्रेक, इंजिनाचे आवरण आणि फ्रेम यांची बाह्य रचना त्या काळाशी जुळलीच पाहिजे. डिस्क ब्रेकला थारा नाही. सुरुवातीआधी प्रत्येक गाडीची तपासणी होते आणि नियमात न बसणारी गाडी बाजूला काढली जाते. इंजिनाचा प्रकार आणि मागच्या सस्पेन्शनची रचना यांनुसार वर्ग पाडून त्यांना वेगळी पारितोषिके दिली जातात. त्यामुळे ताठ मागच्या भागाची जड ५०० सीसी गाडी आणणाऱ्यालाही आपल्या बरोबरीच्या गाड्यांशी लढता येते. मार्गात सार्वजनिक रस्तेही येत असल्याने प्रत्येक गाडी रीतसर नोंदणीची, विमा उतरवलेली आणि रस्त्यावर चालवण्याजोगी असावी लागते.

दोन दिवसांचा क्रम

प्रवेशासाठी अर्ज नेहमीच जागांपेक्षा अधिक येतात, म्हणून निवड सोडतीने होते. १८०च्या आसपास स्वारांना संधी मिळते. स्कॉटलंड आणि इंग्लंडबरोबर युरोपातील इतर देशांतून आणि त्याहूनही दूरवरून स्वार येतात. अनेकांचे वय पन्नाशीपुढचे असते; वडिलांची किंवा आजोबांची गाडी घेऊन आलेले तरुणही असतात.

शुक्रवारी सकाळी गावातून ठरावीक अंतराने एकेक स्वार सुटतो. दोन दिवसांत मिळून साठच्या आसपास सेक्शन पार करायचे असतात. सेक्शनशी पोहोचल्यावर स्वार गाडी लावून आधी पायी वाट पाहतो. कुठला दगड पक्का, कुठला हलता आणि पाण्याखाली काय आहे, हे तपासून मगच तो आपली रेषा ठरवतो. आधीच्या स्वारांनी वाट उकरून ठेवलेली असते, त्यामुळे मागून येणाऱ्याला तोच सेक्शन वेगळा लागतो. हा फरक भरून निघावा म्हणून दुसऱ्या दिवशी सुटण्याचा क्रम बदलतात.

हवामान हा या स्पर्धेतला कायमचा भिडू आहे. मे महिन्याच्या तोंडावरही हायलँड्समध्ये ऊन, गारा आणि बोचरा पाऊस एकाच दिवसात येतात. मॅग्नेटोत पाणी गेले की ठिणगी मंदावते आणि ड्रम ब्रेक भिजले की काम करेनासे होतात. वाटेत स्वारांना आपली गाडी आपणच दुरुस्त करावी लागते. म्हणून प्रत्येकाच्या पाठीवरच्या पिशवीत स्पार्क प्लग, क्लचची तार, साखळीची कडी आणि चार पाने असतातच. बंद पडलेल्या गाडीपाशी दुसरा स्पर्धक थांबून हात लावतो, ही इथली जुनी शिस्त आहे. शनिवारी संध्याकाळी निकाल लागतो आणि पारितोषिके वाटली जातात.

स्वयंसेवक आणि जमीन

स्पर्धा दोन दिवसांची असली तरी तिची तयारी वर्षभर चालते. मार्गप्रमुख हिवाळ्यातच डोंगर पालथे घालून सेक्शन निवडतात. वादळाने वाहून गेलेली वाट, कोसळलेला कडा, भिजून खचलेली दलदल यांचा विचार करून मार्ग दरवर्षी थोडाथोडा बदलावा लागतो. प्रत्येक सेक्शनवर निरीक्षक हवा असतो. पावसात दिवसभर उभे राहून, प्रत्येक स्वाराचा प्रत्येक पाय नजरेत ठेवून, ओळखदेख बाजूला ठेवून त्याला गुण नोंदवावे लागतात. निरीक्षकावर विश्वास नसेल तर ट्रायल उभीच राहू शकत नाही. त्यांच्यापैकी अनेक जण स्वतः एकेकाळचे स्वार असतात आणि दोन दिवसांचे काम संपवून लगेच सहा दिवसांच्या स्पर्धेच्या कामाला लागतात. वैद्यकीय मदत, गुणांची बेरीज, खाणाखुणा लावणे आणि स्पर्धेनंतर त्या काढून वाट साफ करणे ही कामेही सदस्यच वाटून घेतात.

जमिनीची परवानगी हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे. स्कॉटलंडमध्ये २००३च्या भूसुधारणा कायद्याने पायी फिरणाऱ्याला मोकळ्या रानात जाण्याचा व्यापक हक्क दिला, पण मोटरवाहनांना तो लागू नाही. म्हणून डोंगरातली प्रत्येक वाट जमीनमालकाच्या संमतीवर अवलंबून असते. पूर्वपरवानगीशिवाय स्पर्धेच्या जागी सराव करण्यास स्वारांना मनाई असते. एखाद्याने हा दंडक मोडला तर पुढच्या वर्षीची परवानगी धोक्यात येऊ शकते, त्यामुळे क्लब याबाबत कठोर असतो. रान, मेंढ्या, हरणे आणि पायवाटेने जाणारे गिर्यारोहक या सर्वांना सांभाळून स्पर्धा पार पाडणे ही या संस्थेची खरी कमाई आहे.

खंड आणि पुनरारंभ

२००१ साली ब्रिटनमध्ये गुरांना खुरकुताची साथ आली आणि सहा दिवसांची स्पर्धा रद्द करावी लागली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनाच्या साथीमुळे दोन्ही स्पर्धा झाल्या नाहीत. पगारी नोकरवर्ग नसलेल्या संस्थेला असा खंड घातक ठरू शकतो, कारण निरीक्षक पांगतात आणि जमीनमालकांशी असलेला संपर्क सैल होतो. तरीही २०२२ साली स्पर्धा पुन्हा भरल्या. पिढ्यान्‌पिढ्या हातोहात चालत आलेले काम थोड्याच काळात मार्गी लागले, यातच संस्थेच्या घडणीचा पुरावा आहे.

संस्थेचे कार्य

प्री-६५ स्कॉटिश ट्रायलमुळे जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या सुट्या भागांचा छोटा पण जिवंत व्यवसाय टिकून राहिला. व्हिलिअर्सचे इंजिन जुळवणे, मॅग्नेटोची तार नव्याने गुंडाळणे, जुना कार्ब्युरेटर नीट बसवणे ही कसबे पुढच्या पिढीकडे गेली. बंद पडलेल्या कारखान्यांची नावे लोकांच्या स्मरणात राहिली. कारखान्यामुळे वसलेल्या एका गावाला कारखाना गेल्यानंतरही दरवर्षी पाहुणे मिळत राहिले. या कामाला पगारी माणसे लागली नाहीत. काटेकोर नियम, प्रामाणिक निरीक्षक आणि जमिनीच्या मालकांचा राखलेला विश्वास यांवर ते उभे आहे. जुन्या मोटारसायकली जपणाऱ्या महाराष्ट्रातील हौशी मंडळांनीही वार्षिक मिरवणूक आणि प्रदर्शन यांपुढे जाऊन गाड्या चालवण्याची अशी एखादी शिस्तबद्ध वार्षिक परीक्षा आपल्या डोंगरवाटांवर, जमीनमालकांच्या आणि वनखात्याच्या रीतसर परवानगीने, अवश्य उभी करावी.